वकिलाने विचारलेले प्रश्न

७ ऑगस्ट १८९७. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित यांना कॉलऱ्याने गाठलं होतं. त्या काळी कॉलरा झालेल्या माणसाच्या हाती एक दिवस उरला तरी पुष्कळ. तेवढ्यात बाबामहाराजांनी मृत्युपत्र केलं, त्याची अंमलबजावणी ज्यांच्यावर सोपवली त्यांत आपले स्नेही बाळ गंगाधर टिळक यांचं नाव घातलं, आणि त्याच दिवशी ते गेले. टिळक जेमतेम तीन दिवसांपूर्वी राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटले होते. स्वतःच्या मागे एवढं लचांड असूनही मित्राला त्यांच्याने नाही म्हणवलं नाही.

मृत्युपत्रातली योजना वाचायला साधी होती. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला तर प्रश्नच नव्हता. झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने ताईमहाराजांच्या मांडीवर दत्तक द्यायचा आणि तो सज्ञान होईपर्यंत इस्टेट विश्वस्तांनी सांभाळायची. जानेवारी १८९८मध्ये मुलगा झाला, पण काही आठवड्यांतच गेला. तेव्हा टिळक तुरुंगात होते. १९०१ साली निजामाच्या मुलखात औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तविधान झालं. मंडळी पुण्याला परतली आणि ताईमहाराज फिरल्या. त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. विश्वस्तांतलाच एक जण त्यांच्या बाजूला गेला. मग दिवाणी दावे आणि फौजदारी खटले सुरू झाले. १९०३मध्ये टिळकांना शिक्षा झाली, १९०४च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तक खरा कोणता, याचा अखेरचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली जगन्नाथच्या बाजूने दिला. मधल्या काळात टिळक मंडालेला जाऊन सहा वर्षं काढून परतही आले होते.

या हकिगतीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. टिळक स्वतः एलएल.बी. होते, वकिलीच्या परीक्षेचे वर्ग चालवत. म्हणजे कायदा कळणारा माणूस उशाशी होता. कमी पडला तो वेळ. विश्वस्तांत फूट पडली तर शेवटचा शब्द कोणाचा? आणि त्या वेळी ज्यांच्या पोटात मूल होतं त्या बाईंचं मन उद्या बदललं तर? कॉलऱ्याच्या खाटेशेजारी बसून असले प्रश्न कोणी निवांतपणे विचारत नाही.

मृत्युपत्र करायला वकिलाकडे जायचं ते मुख्यतः हे प्रश्न कोणीतरी विचारावेत म्हणून. मराठीत एक पान लिहायला वकील लागत नाही. कायद्याला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोटरीचा शिक्का लागत नाही, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. ‘मग वकील कशाला?’ असं माझे मामाही म्हणत होते.

मामा एसटीतून निवृत्त झालेले. गावाकडे अडीच एकर जमीन, राहतं घर, पुण्यात थोरल्या मुलाबरोबर घेतलेला फ्लॅट, पोस्टातल्या आणि बँकेतल्या ठेवी. दोन मुलगे, एक मुलगी. मामांनी वहीच्या पानावर सगळं लिहून आणलं होतं: जमीन धाकट्याला, फ्लॅट थोरल्याला, ठेवी मामींना, मुलीला मामींचे दागिने. ‘टाइप करून सही-शिक्का करून द्या’ एवढंच काम आहे, या खात्रीने ते तालुक्याच्या कोर्टासमोरच्या बोळात एका वकीलबाईंकडे गेले. गाडी माझी म्हणून मी सोबत.

वकीलबाईंनी वहीचं पान बाजूला ठेवलं आणि सातबारा मागितला. सातबारा नुसता पाहिला नाही, त्यावरच्या फेरफाराच्या नंबरांवरून बोट फिरवलं. मामांनी पिशवीतून जुने फेरफार काढले, कारण गावच्या तलाठ्याकडे पंचवीस वर्षं हेलपाटे घातलेला माणूस असे कागद जपूनच ठेवतो. एका जुन्या फेरफारावर मामांच्या नावापुढे तीन अक्षरं होती: ए.कु.मॅ.

‘काका, हे काय आहे माहीत आहे?’

‘एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेल्यावर माझं नाव लागलं. मी थोरला.’

‘म्हणजे जमीन तुमची एकट्याची नाही. तुम्ही कुटुंबातर्फे नावाला आहात. भाऊ?’

‘एक आहे. मुंबईला गिरणीत होता. त्याने कधी काही मागितलं नाही.’

‘मागितलं नाही म्हणजे सोडलं असं होत नाही. हक्कसोडपत्र आहे?’

नव्हतं. मग बाईंनी विचारलं, ‘तुमचे आजोबा कोणत्या साली वारले?’ मामा चमकले. मृत्युपत्र स्वतःचं करायचं आणि चौकशी आजोबांच्या मरणाची! पण त्या सालात मोठी मेख आहे. हिंदू वारसा कायदा १९५६चा. आजोबांची जमीन त्याआधी वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांच्या हातात वडिलोपार्जित, आणि मुलांना तिच्यात जन्मतः हिस्सा. वडिलांनी १९५६नंतर स्वतःच्या बापाकडून नव्या कायद्याच्या आठव्या कलमाने जमीन घेतली असेल, तर ती त्यांची स्वतंत्र मिळकत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये ठरवलेलं आहे. मृत्युपत्राने देता येतं ते फक्त स्वतःचं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला आपला हिस्सा देता येतो, अख्खी जमीन देता येत नाही. मामांचे आजोबा १९५१ साली गेले होते.

‘बहिणी?’ बाईंनी विचारलं.

‘एक. याची आई,’ मामांनी माझ्याकडे हात केला.

बाईंनी चष्मा काढला. ‘तुम्ही भाचे का? मग जरा बाहेर बसा. चहा सांगते.’

मी बाहेर बाकावर बसलो आणि मला उलगडा झाला तो तिथे. २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आला. त्यासाठी बाप २००५मध्ये हयात असायला हवा असं नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे त्या अडीच एकरांत माझ्या आईचाही हिस्सा निघू शकत होता, आणि मी मामांचा सोबती म्हणून नव्हे तर हितसंबंधी म्हणून आत बसलो होतो. वकीलबाईंनी मला उठवलं याचा मला तेव्हा थोडा राग आला. आज त्यांची शिफारस मी कोणालाही करीन ती त्याच कारणासाठी. मृत्युपत्राच्या मसुद्याच्या वेळी ज्याला त्यातून काही मिळू शकतं तो माणूस खोलीत नको. तो बसला असेल आणि वकिलाने त्याला बाहेर घालवलं नसेल, तर वकील बदलावा.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली वेंकटचल अय्यंगार खटल्यात जे सांगितलं ते आजही प्रत्येक मृत्युपत्राच्या भांडणात पुढे येतं: मृत्युपत्राभोवती संशयाची परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. संशयाची परिस्थिती म्हणजे थरथरती सही, काही कारण न देता सख्ख्या वारसाला वगळणं, आणि विशेषतः ज्याला सगळं मिळतं त्यानेच धावपळ करून कागद करवून घेणं. बापाला गाडीत घालून नेणारा, वकिलाची फी भरणारा, साक्षीदार गोळा करणारा आणि जमीन मिळणारा हे चारही एकच असतील, तर कागद कितीही खरा असो, पुढे कोर्टात त्याचा घाम निघतो.

आत काय झालं ते मामांनी परतताना सांगितलं. प्रश्नांमागून प्रश्न. फ्लॅटच्या करारात पहिलं नाव कोणाचं? कर्जाचे हप्ते कोणाच्या खात्यातून गेले? तुमच्या आधी काकू गेल्या तर ठेवी कोणाला? धाकटा तुमच्या आधी गेला तर त्याचा वाटा सुनेला की नातवंडांना? मामा म्हणाले, ‘मेलं, मी पोरगा माझ्याआधी जाईल असं लिहू का?’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही लिहायचं नाही, मी लिहिते. तुम्ही फक्त सांगा.’ आणि शेवटी, ‘यादीत नसलेलं काही निघालं तर?’ मामांच्या यादीत नसलेल्या दोन गोष्टी तिथेच निघाल्या: एका सहकारी पतसंस्थेतले विसरलेले शेअर्स आणि गावठाणातला एक पडका वाडगा. ‘याव्यतिरिक्त माझ्या नावे जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती’ हे कलम नसेल, तर असल्या उरल्यासुरल्या वस्तूंची वाटणी कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांत होते, आणि वाडग्यावरून लागणारं भांडण फ्लॅटवरून लागणाऱ्या भांडणापेक्षा लहान असतं असं मुळीच नाही.

मृत्युपत्र म्हटलं की पुरुषच डोळ्यासमोर येतो. वास्तविक निकड बायकांना जास्त आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलं, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. बाई मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ वेगळंच सांगतं: आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि आईबाप त्यांच्यानंतर. तिला आईबापांकडून वारशाने आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर, बापाच्या वारसांकडे परत जाते. पण तिने स्वतः कमावलेलं? नारायणीदेवी नावाच्या बाईंचं प्रकरण २००९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी हाकललं, माहेरच्यांनी शिकवलं, त्यांनी नोकरी केली, पैसा जमवला आणि मृत्युपत्र न करता त्या गेल्या. पैसा मिळाला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाने म्हटलं, सहानुभूती असली तरी कायदा असा आहे. ज्या बाईच्या नावावर स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आहे आणि मूल नाही, तिने हे प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटावं आणि वकिलाची वेळ घ्यावी.

आता सही. भारतीय वारसा कायदा १९२५चं कलम ६३ सही आणि साक्षीबद्दल काटेकोर आहे. करणाऱ्याने सही करायची किंवा अंगठा द्यायचा. किमान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असलं पाहिजे, किंवा ही सही आपलीच असं त्याने त्यांना सांगितलेलं असलं पाहिजे. आणि साक्षीदारांनी त्याच्या देखत सह्या करायच्या. साक्षीदारांना आतला मजकूर वाचायला देण्याची गरज नाही. ते सहीचे साक्षीदार, मजकुराचे नव्हेत. घरोघरी होणारी चूक अशी की आजोबा सकाळी सही करून ठेवतात आणि नातू संध्याकाळी सोसायटीतल्या दोघांच्या सह्या जिन्यात घेऊन येतो. कागदावर तीन सह्या दिसतात, पण कायद्याने मृत्युपत्र झालेलंच नसतं.

मामांच्या साक्षीदारांत एक त्यांचे डॉक्टर होते. सही केली त्याच दिवशी त्यांनी ‘शुद्धीवर असून समज शाबूत आहे’ असा दाखलाही दिला. दुसऱ्या साक्षीदाराची निवड वकीलबाईंनी मोडून काढली. मामांनी त्यांचा शाळासोबती आणला होता, वय ऐंशी. ‘काका, मृत्युपत्र कोर्टात शाबीत करायला निदान एक साक्षीदार उभा करावा लागतो. तुमच्यानंतर हे येतील का?’ शाळासोबती खळखळून हसले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे बाईंचं.’ पस्तिशीचा शेजारी बोलावला गेला. हिंदूंच्या बाबतीत साक्षीदारालाच मृत्युपत्रात काही दिलं तर ते आपोआप रद्द होत नाही. ख्रिश्चन आणि पारशी मंडळींत होतं, आणि लग्न केलं की आधीचं मृत्युपत्रही त्यांच्यात रद्द होतं. पण कायद्याने चालतं म्हणून साक्षीदारालाच जमीन देणं हे स्वतःहून संशयाला आमंत्रण. मुसलमानांमध्ये आणखी निराळं: मृत्युपत्राने देता येतो तो इस्टेटीचा एक तृतीयांश, आणि तोही वारसाला द्यायचा तर बाकीच्या वारसांच्या संमतीने.

नोंदणी करावी का? करावी, असं माझं मत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो आणि अंगठा होतो, ओळख पटवणारे उभे असतात, आणि पुढे ‘ही सही बाबांची नाहीच’ म्हणणाऱ्याचं निम्मं अवसान गळतं. मात्र नोंदणीकृत मृत्युपत्र बदलता येत नाही ही चावडीवरची समजूत खोटी. शेवटचं खरं मृत्युपत्र आधीच्याला मोडतं, मग आधीचं नोंदवलेलं असलं तरी. मजकूर कोणालाही दाखवायचा नसेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून ठेवण्याची सोय १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

नॉमिनीबद्दल इतकं लिहिलं-बोललं जाऊनही घोळ संपत नाही. ‘बाबांनी नॉमिनी मला केलंय, म्हणजे मलाच दिलंय.’ नाही. नॉमिनी म्हणजे बँकेने किंवा सोसायटीने पैसा किंवा कागद कोणाच्या हाती सोपवायचा त्याचं नाव. मालक ठरतो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं, २०१३मध्ये ते गेले. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले होते. शेअर्सचा नॉमिनी पूर्ण मालक होतो की नाही, हा वाद त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३मध्ये निकाल आला: कंपनी कायद्यातल्या नामनिर्देशनानेही वारसा बदलत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांतही तेच. सहकार कायद्यात २०१९ साली घातलेल्या प्रकरणाप्रमाणे नॉमिनीला वारस नक्की होईपर्यंत तात्पुरता सभासद करून घेतात. म्हणून मृत्युपत्र केल्यावर वकिलाने विचारायचा आणि बहुतेक वकील न विचारणारा प्रश्न: ‘सगळीकडची नॉमिनेशन्स याच्याशी जुळतात का?’ जुळत नसतील तर दोन कागद दोन भावांच्या हातात देऊन आपण निघून जातो.

मामांच्या थोरल्याला मृत्युपत्रापेक्षा बक्षीसपत्र बरं वाटत होतं. त्याच्या बाजूनेही मुद्दा होता. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. शहरांत वर अधिभार पडतो, तो आधी विचारून घ्यावा. हयातीतच नाव लागतं, पुढे प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेणं, नको, साक्षीदारांची शोधाशोध नको. भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ साली गेली, त्यामुळे मरेपर्यंत थांबून किंवा आधी देऊन कर वाचवण्याचा परदेशी हिशेब इथे लागू नाही.

पण बक्षीस दिलं की दिलं. ज्या घरात आपण राहतो ते मुलाच्या नावे झालं, आणि सून-मुलाशी पटेनासं झालं, तर? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातलं कलम २३ इथे कामाला येतं: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडे प्रांत, रद्द करू शकतं. पण ती अट कागदात असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या डिसेंबरमध्ये म्हटलं. जानेवारी २०२५च्या दुसऱ्या निकालात हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. दोन निकालांच्या मधल्या फटीत आपलं म्हातारपण ठेवण्याऐवजी दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या: ‘सदर मिळकतीत मी व माझी पत्नी हयातीपर्यंत राहू, आणि आमचा सांभाळ, औषधपाणी करण्याची जबाबदारी घेणाराने स्वीकारली आहे.’ छापील नमुन्याच्या बक्षीसपत्रात या ओळी बहुधा नसतात. थोरल्याला त्या दाखवल्यावर तो जरा गप्प झाला, आणि मग स्वतःच म्हणाला, ‘राहू दे, मृत्युपत्रच करा.’

माणूस गेल्यानंतरची कामं कंटाळवाणी आहेत आणि त्यांत वकिलाचं काम कमी, पायपीट जास्त. शेतजमिनीवर वारस नोंद लावायची तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी लोक तलाठीच म्हणतात). नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. ती महसुलाची नोंद आहे, हे न्यायालयांनी सांगून सांगून झालं आहे. मृत्युपत्र नसेल तर शेअर्स-ठेवींसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र. स्थावरासाठी मुंबई इलाख्यातलं १८२७चं आठवं रेग्युलेशन, पेशवाई बुडाल्यावर नऊच वर्षांनी आलेलं, आजही वारस दाखल्यासाठी आपल्या दिवाणी कोर्टांत चालतं. मुंबई शहरातल्या मिळकतींसाठी प्रोबेटची सक्ती होती, तिचं मूळ १८७०च्या हिंदू विल्स अॅक्टमध्ये. २०२५च्या डिसेंबरमध्ये संसदेने १९२५च्या वारसा कायद्यातलं सक्तीचं कलम २१३ वगळलं. प्रोबेट घेता अजूनही येतं, आणि भाऊबंदकी असेल तर घेतलेलं बरं.

या टप्प्यावर एक गोष्ट मात्र आस्तेकदम पाहायला हवी: हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर दहाव्या-बाराव्याच्या गर्दीतच विषय निघतो. ‘ताई, तुझी सही हवी, नाव कमी करायचंय.’ मुद्रांक काही शे रुपयांचा, कागद दीड पानाचा, आणि भावाचे वकील तिलाही ‘आपलेच’ वाटतात. ते तिचे नसतात. ते ज्याने बोलावलं त्याचे असतात. बहिणीने खुशीने हक्क सोडावा किंवा सोडू नये, तो तिचा प्रश्न. पण सही करण्याआधी स्वतःचा वेगळा वकील गाठून ‘मी नक्की काय सोडते आहे, सगळी जमीन की या गटातली?’ एवढं तरी विचारावं. जुन्या सातबाऱ्यांवर बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात सरकवलेली दिसतात. माझ्या आईचं तिथेही नव्हतं.

वकिलाची फी हा आपल्याकडे बोलायला अवघड वाटणारा विषय, म्हणून आधीच बोलावा. मसुदा, नोंदणीच्या वेळची हजेरी, दुरुस्त्या, प्रत्येकाचे किती ते कागदावर घ्यावं. मिळकतीच्या वाट्यात किंवा निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. ‘जमीन सुटली की दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठावं. निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेले दस्तलेखक टाइपिंगपुरते उपयोगाचे, आणि अनेकांचं मराठी दस्ती वळणाचं उत्तम असतं, पण सनद नसलेल्या माणसाकडून सल्ला घेऊ नये.

गोव्यात हे सगळं निराळं आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत गोव्याच्या २०१२च्या उत्तराधिकार कायद्यात पुढे चालू आहे. नवरा-बायकोची मिळकत सामान्यतः सामाईक, आणि मुलांसारख्या सक्तीच्या वारसांना अर्धी इस्टेट सुटणारच. मृत्युपत्राने वाटता येते ती उरलेली अर्धी. मृत्युपत्रही विशेष नोटरीपुढे होतं. सिंधुदुर्गात घर आणि म्हापशात सासर असलेल्यांनी दोन्हीकडचे वकील गाठावेत. परदेशातल्या मराठी मंडळींची चूक बहुधा कुलमुखत्यारपत्राची. भावाच्या नावे तिकडे केलेलं कुलमुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. आणि देणारा गेला की ते संपतं. बाप गेल्यानंतर बापाच्या कुलमुखत्यारपत्रावर खरेदीखत करणारे मुलगे मी पाहिले आहेत. त्यांना फसवणूक करायची नव्हती, त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मामांचं मृत्युपत्र तिसऱ्या भेटीत झालं. जमिनीचा त्यांचा हिस्सा तेवढाच त्यात आला. मुंबईच्या मामांना फोन गेला, माझ्या आईला मामा स्वतः येऊन भेटले, आणि काय ते बोलणं स्वयंपाकघरात दार लोटून झालं. सहीच्या दिवशी मामींनी नवं लुगडं नेसलं होतं. प्रत्येक पानावर मामांची सही, खाडाखोड झाली तिथे बाजूला सही, शेवटच्या ओळीखाली राहिलेल्या मोकळ्या जागेत तिरकी रेघ. साक्षीदार चहा पिऊन गेले. वकीलबाईंनी मूळ कागद लिफाफ्यात घालून मामींच्या हातात दिला.

‘कुठे ठेवणार?’

‘बँकेच्या लॉकरमध्ये,’ मामा म्हणाले.

‘लॉकर कोणाच्या नावावर?’

‘माझ्या एकट्याच्या.’

बाईंनी नुसतं पाहिलं. मामांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, मामींच्या आधी आलं. ‘अहो, मग तुमच्यामागे तो उघडायला हाच कागद मागतील की!’ त्यांनी हातातला लिफाफा पिशवीत, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवला.

‘आणि तो तिथे आहे हे मुलांपैकी कोणाला माहीत आहे?’ वकीलबाईंनी विचारलं.